हबाकीचा आस्वाद : अलंकार आणि गुण यांच्या सीमेवरील एक प्रश्न

जपानी तलवारीच्या साजाविषयी आजवर जे लेखन झाले आहे त्यात सर्वाधिक मान त्सुबेला, म्हणजे मूठ आणि पाते यांमधील चकतीवजा आडणीला, मिळालेला आहे. याचे कारण काही अंशी ऐतिहासिक आहे. १८७६ च्या हुकुमाने सामुराईंचे तलवार बाळगणे बंद झाले, साज करणाऱ्या कारागिरांचा आश्रय गेला, आणि तलवारींपासून सुट्या झालेल्या त्सुबा युरोप-अमेरिकेतील संग्राहकांच्या खणांत जाऊन पडल्या. त्सुबा सुटी पाहता येते. किंबहुना तिची रचनाच अशी आहे की, पाते काढून घेतले तरी तिच्या वर्तुळातील चित्र अबाधित राहते. तिच्या शेजारी, पात्याच्या बुंध्याशी, साधारण इंचभर उंचीचे जे धातूचे वेष्टन असते त्याचे भाग्य वेगळे. त्याला हबाकी म्हणतात. तलवार म्यानात असताना हबाकी पूर्णपणे म्यानाच्या तोंडात दडलेली असते. आणि पाते उपसले की पाहणाऱ्याची दृष्टी तिला ओलांडून थेट पोलादाकडे जाते. तरीही हिच्यावर सोन्याचा पत्रा चढवतात, तिच्यावर कुलचिन्हे कोरतात, कानशीने रेषांच्या सरी ओढतात. जी वस्तू बहुतेक काळ कोणालाच दिसावयाची नाही तिच्या या सजावटीचा आस्वाद कोणत्या तत्त्वावर घ्यावयाचा, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

माझा या वस्तूशी संबंध प्रथम शब्दाच्या वाटेने आला, हे सांगितले पाहिजे. ‘हबाकी’ हे मूळचे नडगीवर गुंडाळावयाच्या पट्टीचे नाव. प्रवासी, सैनिक किंवा शेतकरी पायाला काटाकुटा लागू नये म्हणून गुडघ्याखाली जे वस्त्र बांधीत ते हबाकी. तलवारीच्या संदर्भात त्याला ‘काने’ म्हणजे धातू हा शब्द जोडून ‘हबाकिगाने’ असा सामासिक शब्द होतो, आणि त्यातील उत्तरपद गळून पुन्हा नुसते ‘हबाकी’ उरते. लिपीत मात्र ‘धातू’ आणि ‘पूर्वज’ या अर्थांची चिन्हे जोडलेले एकच अक्षर रूढ झाले. अक्षरात पाय कोठेच दिसत नाही, उच्चारात तो शिल्लक आहे. तलवारीच्या इतर अंगांची नावेही अशीच सजीव आहेत. पात्याच्या पृष्ठाचा पोत ही ‘हादा’, म्हणजे त्वचा. म्यानाचे तोंड ‘कोइगुची’, म्हणजे कार्प माशाचे तोंड. दोन भागांच्या हबाकीतील खालचा भाग ‘शितागाई’ आणि वरचा ‘उवागाई’, म्हणजे खालचा व वरचा शिंपला. मराठीत काठीच्या किंवा हत्याराच्या दांड्याच्या टोकाला बसवतात ती शेंबी हबाकीला जवळची वाटते, पण ते साम्य फसवे आहे. शेंबी लाकूड फुटू नये म्हणून लाकडावर बसते. हबाकी पोलादावर बसते आणि जपते पोलादालाच. म्हणून मूळ शब्दच ठेवलेला बरा.

नावावरून कामाचा अंदाज येतो, पण अपुरा. पात्याचा जो भाग मुठीत शिरतो त्याला नाकागो म्हणतात. नाकागो जेथे सुरू होतो तेथे धारेच्या व पाठीच्या अशा दोन्ही बाजूंना लहान खाचा असतात. या खाचांना टेकून हबाकी पात्याला कवटाळते. तिची जाडी मुठीकडे अधिक व टोकाकडे कमी होत जाते. म्हणजे ती एक पाचर आहे. तलवार म्यानात सरकवली की ही पाचर कोइगुचीत घट्ट बसते, आणि संपूर्ण पाते जणू तिच्या आधारावर पोकळीत तोलून धरले जाते. होओ नावाच्या मऊ लाकडाचे म्यान आतून अशा बेताने कोरलेले असते की पात्याच्या झिलई केलेल्या अंगांना व धारेला लाकडाचा स्पर्श होऊ नये. हे साधते ते हबाकीमुळे. उलटपक्षी त्सुबा व तिच्या दोन्ही बाजूंच्या सेप्पा नावाच्या पातळ चकत्या यांनाही टेकावयास पक्की जागा हबाकीच देते. आपल्याकडील तलवारीचे पाते मुठीत राळेने वा लाखेने कायमचे बसवलेले असते. तिला असल्या मध्यस्थाची गरज पडत नाही. जपानी तलवारीची मूठ बांबूची एक खुंटी काढताच सुटी होते. जे वारंवार सुटे करावयाचे ते तितक्याच वेळा निश्चळ बसले पाहिजे, या अपेक्षेतून हबाकी आवश्यक ठरते.

भाषेने या कामाची नोंद घेतली, पण श्रेय भलत्याला दिले. तलवार उपसण्यापूर्वी अंगठ्याने त्सुबेला किंचित पुढे रेटून पकड सैल करतात. या क्रियेला जपानीत ‘कोइगुची कापणे’ म्हणतात. वास्तविक तेथे सैल होते ती हबाकीची पाचर. शेजारच्या सेप्पेवरून तर निरुपायाने कोंडीत सापडण्याचा वाक्प्रचारच आला, असे सामान्यतः मानले जाते: सेप्पा अडकली की तलवार ना निघते ना आत जाते. म्यान व पाते यांची वक्रता जुळत नाही, असे म्हणून न पटणाऱ्या दोन माणसांचे वर्णन करतात. जुळण्याचे प्रत्यक्ष काम जी करते ती या वाक्प्रचारांत पडद्याआड राहिली आहे.

आता सजावटीकडे वळू. हबाकी घडवणाऱ्याला शिरोगानेशी, शब्दशः ‘शुभ्र धातूचा कारागीर’, म्हणतात. तो तांब्याची पट्टी ठोकून मधोमध दुमडतो, पात्यावर बसवून पाहतो, धारेकडील फटीत पाचरीसारखा लहान तुकडा चांदीच्या झाळीने जोडतो, आणि मग ठोकणे, बसवणे, कानशीने घासणे, पुन्हा बसवणे हा क्रम जुळेपर्यंत चालतो. प्राचीन पात्यांवर लोखंडी हबाकीही आढळतात. पुढील काळात तांबे, चांदी, तांब्यात थोडे सोने मिसळून केलेला व रसायनाने काळानिळा होणारा शाकुदो, चांदी-तांब्याचा राखी शिबुइची, आणि तांब्यावर सोन्याचा पत्रा असे पर्याय आले. पृष्ठभागावर तिरप्या रेषा ओढल्या तर त्यांना ‘शिगुरे’, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडी येणारी भुरभुर सर, असे नाव आहे. छिन्नीने उठवलेल्या खरखरीत ओरखड्यांना ‘नेकोगाकी’, म्हणजे मांजराचे ओरबाडणे, म्हणतात. ही नावे गमतीदार आहेत. परंतु कारागिराचे व्यवहारज्ञानही त्यांच्यामागे आहे. खरखरीत पृष्ठावर रोजच्या काढघालीचे ओरखडे उठून दिसत नाहीत. सोने गंजत नाही. तांबे पोलादाहून मऊ असल्याने पात्याला इजा करीत नाही.

येथे आपल्या काव्यशास्त्रातील एक जुना भेद उपयोगी पडतो. मम्मटाने गुण आणि अलंकार यांत फरक करताना गुणांना आत्म्याच्या शौर्यादी धर्मांची व अलंकारांना अंगावरील हारादिकांची उपमा दिली. गुण नित्य असतात, अलंकार काढून ठेवता येतात. या कसोटीवर सोन्याने मढलेली हबाकी प्रथमदर्शनी अलंकारांतच जमा होईल. पण तलवारीचा व्यवहार तसे होऊ देत नाही. पाते वापरात नसते तेव्हा ते ‘शिरासाया’ या साध्या, रंगरोगण नसलेल्या लाकडी म्यानात ठेवतात. त्या वेळी त्सुबा उतरते, सेप्पा उतरतात, मुठीवरील रेशमी विणकाम व धातूची चित्रे उतरतात. सारा साज वेगळ्या पेटीत जातो. पात्यासोबत नव्या म्यानात जाते ती एकटी हबाकी. हार उतरले, हबाकी राहिली. जी अलंकारासारखी दिसते आणि गुणासारखी वागते, तिच्यासाठी मम्मटाच्या व्यवस्थेत तयार कप्पा नाही, हे मान्य करावे लागेल.

कान्टने १७९० च्या आपल्या ग्रंथात स्वतंत्र आणि परतंत्र अशी सौंदर्याची दोन रूपे सांगितली. फूल आपण त्याच्या प्रयोजनाचा विचार न करता सुंदर म्हणतो. इमारत किंवा घोडा सुंदर म्हणताना ती वस्तू काय असावी याची संकल्पना गृहीत असते. हबाकी परतंत्र सौंदर्याचे उदाहरण आहे असे म्हणून विषय संपवता आला असता. माझा आक्षेप येथेच आहे. कान्टला अभिप्रेत असलेली संकल्पना जातीची आहे: घोडा कसा असावा, मंदिर कसे असावे. ‘हबाकी कशी असावी’ या सामान्य कल्पनेने मात्र समोरच्या हबाकीविषयी जवळजवळ काहीच ठरत नाही. ती ‘या’ पात्याची आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो. कामाकुरा काळातील बुंध्याशी रुंद व टोकाकडे निमुळत्या पात्याला जी शोभेल ती चौदाव्या शतकातील आडव्यातिडव्या, रुंद पात्याला बसणारही नाही, शोभणे दूरच. तिचे पारतंत्र्य जातीशी नसून व्यक्तीशी आहे.

माझ्या विषयातील एक दृष्टान्त द्यावासा वाटतो. मराठीत ‘पाणी’ या नामाला ‘त’ हा प्रत्यय लागण्यापूर्वी ‘पाण्या’ असे सामान्यरूप होते. ‘पाण्या’ एकटे वाक्यात उभे राहत नाही, ‘त’ तर नाहीच. पात्यावरील त्या दोन खाचा म्हणजे पात्याचे सामान्यरूप. तेथे ते मुठीशी संबंध जोडण्यास योग्य होते, आणि हबाकी तो संबंध सिद्ध करते. अर्थात दृष्टान्त येथेच थांबतो. ‘त’ हा प्रत्यय घराला लागतो, गावाला लागतो, मनालाही लागतो. हबाकी एकाच पात्याला लागते. एका शब्दापुरता प्रत्यय असलेली भाषा बोलणे अशक्य आहे. शिरोगानेशी नेमके तेच करीत असतो.

हे मान्य केले तर आस्वादाच्या प्रचलित रीतींपैकी काहींना हरकत घ्यावी लागते. मखमलीवर मांडलेल्या सुट्या हबाकी मला प्रत्ययांच्या यादीसारख्या वाटतात: माहितीपर, पण मुक्या. मर्ढेकरांनी संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांनी सौंदर्याची उकल केली. ती तत्त्वे येथे लागू पडत नाहीत असे नाही, पण कोणत्या घटकांना लावावयाची हे आधी ठरले पाहिजे. सुट्या हबाकीत शिगुरेच्या रेषांचा आपसातील संवाद दिसेल. तिची उतरती बाजू पात्याच्या कडेत विलीन होते की तेथे पायरी पडते, सोन्याची ऊब पोलादाच्या थंड राखी रंगाला विरोध करते की त्याला झाकोळते, हे दिसणार नाही. कलाकृतीची सीमाच चुकीची आखली गेलेली असते.

दाइम्योंच्या संग्रहांतील कुलचिन्हांकित सुवर्णहबाकींबद्दलही मला थोडे प्रतिकूल लिहावेसे वाटते. त्यांची कारागिरी निर्दोष असते. परंतु अनेक पात्यांवर तेच चिन्ह त्याच डौलाने उमटले की हबाकी मालकाविषयी बोलू लागते, पात्याविषयी नाही. याउलट एखाद्या साध्या तांब्याच्या हबाकीवर काही सरी आणि पात्याच्या पाठीची रेषा न मोडता वर चढलेली कड एवढेच असते, आणि नजर तेथून हलत नाही. जपानमध्ये १९४८ मध्ये स्थापन झालेल्या तलवार-संरक्षक संस्थेच्या स्पर्धांत शिरोगानेशींच्या कामासाठी स्वतंत्र विभाग आहे, हे या दृष्टीने सुचिन्ह आहे.

जाणकार परीक्षक पाते पाहून झाल्यावर हबाकी नाकागोच्या दिशेने सरकवून काढतात. तिच्याखाली खाचांपाशी कधी कधी ‘मिझुकागे’, म्हणजे पाण्याची सावली, नावाची तिरपी धूसर छटा निघते; ते पाते पुन्हा भाजून पाणी दिल्याचे लक्षण असू शकते. (होरिकावा कुनिहिरोच्या मूळ पात्यांवरही ती आढळते, म्हणून घाई करू नये.) त्या क्षणी सर्वांचे लक्ष पात्याकडे असते आणि हबाकी बाजूच्या कापडावर ठेवलेली असते. ती उचलून आतून पाहावी. बाहेरचे सोने आत नसते; हातोडीच्या खुणा, झाळीची रेघ आणि त्या पात्याच्या छेदाचा पोकळ ठसा एवढेच असते. शतकाशतकांच्या झिलईने पाते झिजत जाते, आणि एके काळी घट्ट बसणारी हबाकी सैल होऊन खुळखुळू लागते. मग नवी घडवतात. जुनीच्या पोकळीत मात्र ते पाते ती घडली त्या वर्षी जेवढे जाड होते तेवढे राहिलेले असते.