'सेस्क्विपिडेलियन' : एका विशेषणाचा अर्थविचार

इंग्रजीतील 'सेस्क्विपिडेलियन' हे विशेषण लॅटिन 'सेस्क्वी' (दीडपट) व 'पेस' (पाऊल) या शब्दांवरून आले असून त्याचा मूळ अर्थ 'दीड फूट लांबीचा' असा आहे. रोमन कवी होरेस (इ. स. पू. ६५–८) याने 'आर्स पोएटिका'मध्ये ते शब्दांना लावले. दैन्यात व निर्वासनात असलेल्या टेलिफस व पेलिअस यांना प्रेक्षकांचे हृदय हेलावायचे असेल, तर त्यांनी असे शब्द टाकून द्यावेत, असे त्याचे प्रतिपादन आहे. इंग्रजीत सतराव्या शतकापासून आढळणारे हे विशेषण आज लांबलचक शब्दांना, तसेच त्यांचा सोस असलेल्या शैलीलाही लावले जाते. मात्र होरेसचा आक्षेप केवळ लांबीवर नाही. प्रसंगाशी होणाऱ्या विसंगतीवर आहे. 'लांब' एवढ्याच अर्थावर थांबल्यास हा औचित्यविचार निसटतो आणि समीक्षेच्या हाती केवळ मोजपट्टी उरते.