वगळलेल्या गीताचे तीन पाठ

कलावंताने बाजूस सारलेली कृती कालांतराने उजेडात आली, की तिला अस्पर्शित मूळ पाठ मानून रसिक मोकळा होतो. 'बीटल्स' या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या 'नॉट गिल्टी' या गीताचा इतिहास या समजुतीस छेद देतो.

जॉर्ज हॅरिसनने रचलेले हे गीत ऑगस्ट 1968 मध्ये लंडनच्या ईएमआय ध्वनिमुद्रणगृहात अनेक रात्री घोळवले गेले. अखेरच्या मुद्रणावर 102 हा क्रमांक आहे. एवढ्या सायासानंतरही नोव्हेंबरात निघालेल्या तीस गीतांच्या जोडसंचात त्यास स्थान लाभले नाही. त्याच वर्षी हे चौघे हृषीकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात राहून आले होते. त्या वास्तव्यावरून व नव्या 'ॲपल' कंपनीच्या कारभारावरून सहकाऱ्यांशी उद्भवलेला ताण गीताच्या मुळाशी आहे. आरोपी आपली बाजू मांडतो आहे, आणि वाद्यांची साथ करणारेच न्यायासनावर बसले आहेत, हा त्यातील विलक्षण पेच होय.

1984 मध्ये एका नियोजित संग्रहासाठी ध्वनियंत्री जेफ एमरिकने या मुद्रणाची काटछाट केली. तो संग्रह निघालाच नाही. परंतु तीच संक्षिप्त प्रत 1996 च्या 'अँथॉलॉजी 3' मध्ये आली. सुमारे एका मिनिटाने तोकडा असलेला हा पाठ पुढे बावीस वर्षे मूळ म्हणून ऐकला गेला. संपूर्ण मुद्रण अधिकृतपणे प्रकट झाले ते 2018 मध्ये, हॅरिसनच्या निधनानंतर सतरा वर्षांनी. संक्षेपाने गीत नेटके झाले खरे. पण ज्याचे म्हणणे कोणी ऐकूनच घेत नाही, त्याने नेटके बोलावे कसे? (भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत गाळलेले श्लोकही तळटीपांत व परिशिष्टांत जपलेले आहेत. ध्वनिमुद्रिकांच्या संपादकांना ही शिस्त अद्याप फारशी मानवलेली नाही.)

हॅरिसनने स्वतःच्या नावाने सिद्ध केलेला पाठ मात्र तिसराच, 1979 चा. तेथे स्वर सौम्य आहे, लय सैलावलेली आहे, संताप निवला आहे. कर्त्याच्या संमतीचे प्रामाण्य निःसंशय या पाठाकडे जाते. तथापि 1968 च्या मुद्रणात हार्पसिकॉर्डचा दरबारी नाद आणि गिटारीचा कर्कश प्रतिवाद यांचा जो संघर्ष ऐकू येतो, तो येथे उरलेला नाही. 1979 मध्ये आरोपी घरी बसून जुना खटला आठवतो आहे. 102 व्या मुद्रणात तो अजून पिंजऱ्यात उभा आहे.