कंदील विझल्यानंतर

‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’, हा वाद मराठी वाचकाला चांगला परिचित आहे. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांशी तो जोडला गेला आणि शालेय निबंधांपासून व्याख्यानमालांपर्यंत सर्वत्र पोहोचला. परंतु त्या वादात एक गोष्ट दोन्ही पक्षांनी गृहीत धरली होती. कलावंत एका बाजूला उभा आणि ज्यांच्या जीवनाविषयी तो बोलतो ते लोक दुसऱ्या बाजूला! हे लोकच कलेचे कर्ते झाले तर काय घडते आणि पाहुणे निघून गेल्यावर ती कला कोणी सांभाळायची, हा प्रश्न मागेच राहिला. गोवंडी येथे २०२३ साली भरलेल्या कलामहोत्सवाच्या निमित्ताने त्या प्रश्नाचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

गोवंडीचे नाव वृत्तपत्रांत बहुधा दोन कारणांनी येते: कचरा आणि गुन्हे. १९२७ पासूनची देवनारची कचराभूमी याच परिसरातली. मुंबईच्या २००९ सालच्या मानवी विकास अहवालात एम-पूर्व विभाग साऱ्या शहरात तळाशी होता. येथील नटवर पारेख कंपाउंड ही पुनर्वसनाची वसाहत. रस्ते आणि रेल्वेमार्ग रुंद करण्यासाठी ज्यांच्या झोपड्या हटवल्या, अशी कुटुंबे येथे आणून वसवली गेली. सुमारे ६० इमारती, सुमारे २५ हजार माणसे आणि प्रत्येक कुटुंबाला २२५ चौरस फुटांचे घर. दोन इमारतींमध्ये कित्येक ठिकाणी जेमतेम ३ मीटरचे अंतर. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या साहाय्याने केलेला येथील वसाहतींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रकाशात आला. खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचत नाही आणि याचा क्षयरोगाशी संबंध आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. पक्के घर मिळाले, पण सूर्य हरवला, असे येथील कुटुंबांचे झाले.

याच वसाहतीत फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच दिवसांचा ‘गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल’ झाला. तेथे काही वर्षे काम करणारी ‘कम्युनिटी डिझाइन एजन्सी’ ही संस्था त्यामागे होती. ब्रिटनमधील ‘लॅम्पलायटर आर्ट्स’चा सहभाग आणि ब्रिटिश कौन्सिलचे साहाय्यही होते. महोत्सवापूर्वी वसाहतीतील मुलामुलींना नाट्य, रॅप, छायाचित्रण, चित्रपट आणि भित्तिचित्रे यांचे शिक्षण अनुभवी कलावंतांकडून मिळाले. त्यांची कला शहरातील एखाद्या कलादालनात गेली नाही. ती त्याच इमारतींच्या भिंतींवर आणि बोळांत मांडली गेली. हातांनी केलेले कागदी कंदील घेऊन रहिवाशांनी मिरवणूक काढली.

या उपक्रमाचे मोल आम्ही प्रथम येथेच पाहतो. गोवंडीची छायाचित्रे आजवर पुष्कळ निघाली; पण कॅमेरा बहुधा बाहेरच्याच्या हाती असे आणि त्याला दिसे तो केवळ कचरा. तोच कॅमेरा गोवंडीच्या मुलीच्या हाती आला, म्हणजे आपले अंगण, आपली आई, आपला जिना यांतून काय निवडायचे ते ती ठरवते. निवड करणे हा कलेचा पहिला संस्कार आहे. ज्यांच्या आयुष्यात घर कोठे असावे हेदेखील दुसऱ्याने ठरवले, त्यांच्यासाठी हा संस्कार लहान नव्हे.

तरीही समीक्षकाने टाळ्या वाजवून थांबणे योग्य नाही. रंगवलेली भिंत पाहून अधिकाऱ्यांचे आणि पाहुण्यांचे मन लवकर समाधान पावते, ही आमची शंका आहे. चित्र कितीही सुंदर असले तरी त्यामुळे खिडकीतून ऊन आत येत नाही. कंदिलांच्या उजेडाचे कौतुक करताना, या बोळांना कंदिलाची गरज का पडावी, हा प्रश्न विसरला गेला, तर कलेने अन्यायावर पांघरूण घातले असे होईल. महोत्सवाच्या बाजूने हेही नोंदवले पाहिजे की, इमारतींमधील कचऱ्याने भरलेली जागा मोकळी करणे, ‘किताब महल’ हे वाचनालय उभे करणे, अशा खटपटींची त्याला जोड होती. झाडू आणि कुंचला एकत्र आले, म्हणूनच आम्ही या प्रयोगाकडे गांभीर्याने पाहतो.

या पूर्व उपनगरांना अशा कलेची जुनी परंपरा आहे, हेही ध्यानात घ्यावे. गोवंडीपासून फार दूर नसलेल्या घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णाभाऊ साठे यांनी आयुष्याची कित्येक वर्षे काढली. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्या शाहिरांच्या आवाजाने मैदाने भरली. तेथे शाहीर आणि श्रोता एकाच चाळीतले असत. आज गोवंडीचा तरुण रॅप म्हणतो तेव्हा ठेका परका असला, तरी वस्तीचे दुःख वस्तीच्या बोलीत सांगण्याची रीत शाहिरीचीच आहे.

मात्र या परंपरेत एक वेदनाही आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली. त्यानंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जणांचे प्राण गेले. मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी त्यानंतर चार दिवसांनी आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांनी त्यांचे गाणे पूर्वी ‘हमारा शहर’ या १९८५ च्या चित्रपटात घेतले होते. मित्राच्या मृत्यूपासून सुरू झालेला ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण व्हायला १४ वर्षे लागली. तो २०११ मध्ये आला. तीन तासांहून मोठा हा चित्रपट वस्त्यावस्त्यांत दाखवला गेला, लोकांनी तो एकत्र बसून पाहिला. चित्रपट पाहताना एक विचार आम्हांस सोडत नाही. समाजाला जागे ठेवणाऱ्या कलावंताची काळजी समाज कितपत घेतो? आपण त्याचे गाणे घेतो, त्याच्या घरातील चूल पेटली की नाही हे विचारत नाही.

म्हणून गोवंडीच्या महोत्सवाची खरी कसोटी आम्ही त्या पाच दिवसांत शोधत नाही. तेथे शिकलेली मुले पुढच्या मुलांना शिकवतात का, वाचनालयाचे दार उघडे राहते का, आणि उन्हावाऱ्याचा हक्क मागताना हीच मुले नाटक आणि गाणे घेऊन पुढे येतात का, ही ती कसोटी होय. त्यांच्या कलाकृतींकडेही दयेने पाहू नये. ‘झोपडपट्टीतील मुलांनी केले, म्हणजे छान’ हे म्हणणे त्यांचा अपमान आहे. कवितेतील ओळ सैल असेल तर ती सैल आहे असे सांगावे. कलावंत म्हणून मान देण्याची तीच रीत आहे.

आमच्या वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, ते लोकांच्या तोंडी असलेल्या ओवीत. आपल्या धर्मग्रामांतही दर नाताळाला तरुण मंडळी रात्री जागून गोठा उभारतात. कोणी बांबू आणतो, कोणी गवत, कोणी आजीची जुनी साडी. नाताळ संपला की गोठा मोडतो, बक्षीस कपाटात जाते आणि ते हात वर्षभर रिकामे राहतात. त्या हातांना गावातील एखादी बुजत चाललेली विहीर, एखाद्या एकाकी वृद्धाचे घर दाखवले तर? गोवंडीच्या मुलांनी कंदील करून दाखवले आहेत. आपल्या तरुणांकडे कागद, बांबू आणि हौस आहेच. उजेड कोठे न्यायचा, तेवढे वडीलधाऱ्यांनी त्यांच्यासोबत बसून ठरवावे.