झील कोण धरणार?

'जाहीरनामा' हा शब्द मराठी माणसाकडे वरून खाली आला. 1858 साली राणीचा जाहीरनामा निघाला, तेव्हा तो ऐकून घेण्यापलीकडे रयतेला काही काम नव्हतं. गावात तर हुकूम पोचायचा तो दवंडीने. दवंडी पिटायची गावकीतल्या महाराने, हलगी वाजवायची मांगाने, आणि मजकूर मात्र पाटलाचा किंवा सरकारचा. हात एकाचे, शब्द दुसऱ्याचे. महाराष्ट्रातल्या चळवळीच्या गाण्याचा इतिहास माझ्या लेखी त्या दिवशी सुरू होतो, ज्या दिवशी त्याच हातांनी स्वतःचा मजकूर वाजवायला घेतला.

जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवरचा पवाडा 1869 मध्ये रचला आणि सत्यशोधक समाज 1873 मध्ये स्थापन केला. गाणं आधी, संघटना नंतर. पुढे सत्यशोधक जलसे आले, 1930च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. तमाशाचा सांगाडा त्यांनी तसाच ठेवला, आतला मजकूर बदलला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापुढे हक्कांची भाषा मांडायची तर हीच वाट होती.

या वाटेचं मर्म मला झिलीत दिसतं. शाहीर कडवं म्हणतो, आणि ओळीचा शेवट त्याच्या मागे उभे असलेले झीलकरी उचलतात. 'जी जी रं जी' एवढंच कधी कधी त्यांच्या वाट्याला येतं. पण तेवढ्या वेळात शाहीर दम घेतो, समोरच्या गर्दीचा अंदाज घेतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी गर्दीतलं कुणीतरी झिलीत आवाज मिसळतं. जाहीरनाम्याचं व्याकरण 'आम्ही'चं असतं. कागदावर तो 'आम्ही' लिहिणारा एकटाच असू शकतो. झिलीत 'आम्ही' म्हणायला खरोखरीच चार माणसं लागतात, ती नसली तर गाणं तिथेच लंगडतं.

लाल बावटा कलापथक 1944 साली उभं राहिलं: अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर. एक वाटेगावचा, एक बार्शीचा, आणि तिघांनाही गिरणगाव पाठ. कम्युनिस्ट पक्षाची पत्रकं निघत होतीच, पण चाळीत जी भाषा रुजली ती या कलापथकाची. अण्णा भाऊंची 'माझी मैना' ही छक्कड मी जाहीरनाम्याच्या कलेतला सर्वांत मोठा नमुना मानतो. सुरुवातीला ती फक्त एका माणसाची आहे. पोटासाठी मुंबईत आलेला गडी गावाकडे राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ होतो. मग मुंबई येते, तिची श्रीमंती आणि तिची उपासमार येते, आणि बघता बघता ती ताटातूट संयुक्त महाराष्ट्रापासून तुटलेल्या बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावची होते. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या ठरावात ही नावं यादी म्हणून येतात. छक्कडीत ती विरह म्हणून येतात. 'मी'पासून 'आम्ही'पर्यंतचा हा प्रवास ऐकणाऱ्याला न ढकलता घडतो. मागणी आधी काळजात शिरते आणि मग डोक्याला कळते.

दलित पँथर 1972 मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचा छापील जाहीरनामा आला. दलित कोण, या प्रश्नाला त्याने दिलेलं उत्तर फार रुंद होतं. भूमिहीन, कामगार, स्त्रिया, आदिवासी, सगळे त्यात होते. त्याच रुंदीवरून वाद पेटला आणि राजा ढाले व नामदेव ढसाळ यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. वस्त्यांमधून मात्र त्या काळातही वामनदादा कर्डक गातच होते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या या माणसाने आयुष्यभर गाणी लिहिली आणि ती गट-तट न विचारता पसरली. कागदाने जिथे रेघ ओढली तिथे गाण्याने ती पुसली असं मी म्हणणार नाही, तितकं बळ गाण्यात नसतं. पण रेघेच्या दोन्ही बाजूंना एकच चाल ऐकू येत होती, ही गोष्ट लहान नाही.

स्त्रियांच्या चळवळीतला एक प्रयोग आपल्या समीक्षेने फार हलक्या हाताने घेतला आहे. ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' 1983 मध्ये स्त्री मुक्ती संघटनेने रंगमंचावर आणलं. नाटक म्हणून त्यावर लिहिलं गेलं. समूहगायन म्हणून ते कुणी नीट ऐकलं का? परंपरेत झीलकरी बहुतेक पुरुषच असत. इथे घोळक्याने उभ्या असलेल्या बाया, त्यांतल्या अनेक व्यावसायिक गायिका नसलेल्या, लोकगीतांच्या चालींवर हुंडा, मुलीचा जन्म, शिक्षण यांबद्दल एकसुरात बोलत होत्या. आवाज पूर्ण जुळायचे नाहीत. त्या न जुळण्यातच मला त्याची ताकद ऐकू येते, कारण तिथे प्रत्येक बाई वेगळी कळते.

ऐंशीच्या दशकातच कॅसेट घरोघर गेली. तिचे उपकार मोठे आहेत. प्रल्हाद शिंदे यांचा तो खणखणीत, भरदार आवाज जिथे गायन पार्टी कधी पोचली नसती अशा वस्तीत पोचला. भीमगीतांचा बाजार वाढला, गाणाऱ्यांना चार पैसे मिळाले. पण ध्वनिमुद्रणाने झील स्टुडिओत कोंडली. जिथे साथीदार होते तिथे भाड्याने आलेला कोरस उभा राहिला आणि कॅसेटच्या वेष्टनावर गायकाच्या नावाखाली 'आणि कोरस' एवढंच छापलं गेलं. हळूहळू मजकूरही बदलला. मागणीची जागा जयजयकाराने घेतली. महापुरुषाची स्तुती करणारं गाणं ऐकून मान लवते, पुढे काय करायचं हे मात्र त्यातून उमगत नाही. आज 14 एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे जे वाजतं, त्यात उत्साह खरा आहे. त्यात उत्तर द्यायला जागा मात्र उरलेली नाही, कारण यंत्रापेक्षा मोठ्याने कुणीच झील धरू शकत नाही.

या पडझडीतही काहींनी झील सोडली नाही. शाहीर विलास घोगरे यांनी 1997 मध्ये मुंबईच्या रमाबाई नगरातल्या पोलीस गोळीबारानंतर स्वतःला संपवलं. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट त्या मरणापासून सुरू होतो आणि गाणाऱ्यांच्या एका अख्ख्या जगात आपल्याला नेतो. संभाजी भगत त्या जगातले. पुण्यात 2002 मध्ये उभा राहिलेला कबीर कला मंचही त्याच जगातला. मंचाचे शीतल साठे आणि सचिन माळी 2013 मध्ये विधान भवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले, आणि तेव्हापासून मंचाबद्दल जे लिहिलं गेलं ते बहुतांशी खटल्याबद्दल. त्यांचं गाणं ऐकायचं राहूनच गेलं. शीतल साठेंचा आवाज वरच्या पट्टीत सरळ चढतो आणि डफासकट साथीदार तो खालून तोलून धरतात. ते साथीदार काढून टाका, गाण्याचा अर्थच बदलेल.

आताचा काळ रॅपचा. मराठी रॅपमध्ये धीट पोरं आहेत, आणि राजकीय गाण्यांपायी 2023 मध्ये काहींवर गुन्हेही नोंदले गेले. शब्दांची त्यांची पकड मला थक्क करते. तरी माझी तक्रार आहे, आणि ती आपुलकीची आहे: बहुतेक रॅप 'मी'तून बाहेर येत नाही. शब्द इतके दाट असतात की मध्ये कुणाला शिरता येत नाही. मुंबईच्या स्वदेशी या गटाचं 2019 मधलं 'द वारली रिव्होल्ट' हे याला ठळक उत्तर आहे. आरेच्या जंगलासाठी झालेल्या या गाण्यात तिथले प्रकाश भोईर स्वतः गातात. रॅपर तिथे थांबतात, जागा देतात. चेन्नईच्या कास्टलेस कलेक्टिव्हमध्येही तेच दिसतं. 2018 मध्ये पहिल्यांदा मंचावर आलेला तो गट एकोणीस जणांचा होता, आणि गाना हा वस्तीतला गायनप्रकार त्यांनी रॉक-रॅपच्या शेजारी त्याच मानाने उभा केला.

म्हणून नव्या ध्वनिमुद्रिका करणाऱ्यांकडे माझं एक साधं मागणं आहे. गाण्यात चार मात्रा मोकळ्या सोडा. आणि जे झील धरतील त्यांची नावं लिहा. लाल बावटा म्हटलं की तीन नावं आपल्या ओठांवर येतात. त्यांच्या मागे उभं राहून गिरणगावच्या सभांत घसा फोडणारे कोण होते, ढोलकीवर कोण होतं, तुणतुणं कुणाच्या हातात होतं? ते अजून आठवणारी माणसं आहेत, आणि ती फार म्हातारी झाली आहेत.