पोषणमूल्यांचे आलेख : एक आक्षेप

प्राथमिक वर्गात स्तंभालेख शिकविताना अन्नपदार्थांची पोषणमूल्ये घेण्याची पद्धत स्तुत्य होय. मुलाच्या ताटातील वस्तूच तेथे गणिताचा विषय होते. परंतु अशा पाठांत एक उणीव सहज राहून जाते. स्तंभाची उंची शिकविली जाते, परिमाण मात्र गृहीत धरले जाते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ मधील कोष्टकांनुसार १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ८, ज्वारीत १०, बाजरीत ११ व तूरडाळीत २२ ग्रॅम प्रथिने असतात. आलेखात डाळीचा स्तंभ तांदळाच्या जवळजवळ तिप्पट भरतो. तथापि १०० ग्रॅम तांदळाच्या भातावर ३० ग्रॅम डाळीचे वरण घेतले, तर भातातून ८ आणि वरणातून साडेसहा ग्रॅमच प्रथिने मिळतात. स्तंभांचा क्रमच उलटतो. उभा अक्ष शून्याऐवजी ९ पासून आखल्यास तर बाजरी ज्वारीच्या दुप्पट दिसते.

यामुळे मूळ आकडे खोटे ठरत नाहीत. ‘किती वजनामागे किती’ हा प्रश्न तेवढा विचारावयाचा राहून गेलेला असतो. म्हणून शंभर ग्रॅमांचा व ताटातील वाढपाचा, असे दोन्ही आलेख मुलांकडून शेजारीशेजारी काढवून घेणे इष्ट होय. क्रम का बदलला हे ज्या मुलाला सांगता येईल, त्यालाच आलेख वाचता आला असे म्हणावे.