साध्या शब्दांची अवघड बाजू

इंग्रजीची धास्ती घेतलेला विद्यार्थी सहसा लांबलचक शब्दांना घाबरतो. मराठी आणि उर्दू माध्यमांतून आलेली आमची मुले वहीत अशा शब्दांच्या याद्या करतात, समोर एकेक प्रतिशब्द लिहितात आणि तो घोकतात. आमचा अनुभव मात्र उलटा आहे. लांबलचक शब्दाला बहुधा एकदोनच अर्थ असतात. ते पाठ झाले की शब्द दगा देत नाही. दगा देतात ते रन, सेट, टेक, पुट यांसारखे चिमुकले शब्द.

डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये आपला कोश सिद्ध केला, तेव्हा एकट्या 'टेक'चे शंभराहून अधिक अर्थ त्यांना नोंदवावे लागले. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये वीस खंडांत निघाली. तिच्यातील सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती. पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या कामात 'रन'ने त्याला मागे टाकले. संपादक पीटर गिलिव्हर नऊ महिने या एका शब्दाशी झुंजले आणि नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ हाती आले, अशी हकीकत २०११ मध्ये प्रसिद्ध झाली.

आकडा छाती दडपवणारा खरा. पण नोंदीतली वाट तशी सरळ आहे. घोडा धावतो, नदी वाहते, नाक गळते, कापडाचा रंग फुटतो, यंत्र चालते, कुणी दुकान चालवतो. इंग्रजी या सगळ्यांसाठी 'रन' वापरते, कारण प्रत्येकात कसली ना कसली गती आहे. निवडणुकीत मात्र अमेरिकेचा उमेदवार 'रन' करतो, तर ब्रिटनचा 'स्टँड', म्हणजे नुसता उभा राहतो. आपलाही उभाच राहतो!

'फास्ट'ची कथा याहून रंगतदार आहे. मुळात त्याचा अर्थ घट्ट, पक्का. म्हणून न जाणारा रंग फास्ट आणि वेगाने जाणारी गाडीही फास्ट. उपवासालाही हाच शब्द, कारण त्यामागे घट्ट धरून राहण्याची, नेम पाळण्याची कल्पना आहे. अरबीतल्या 'सौम'चा मूळ अर्थही स्वतःला आवरून धरणे असाच आहे. आपण ज्याला रोजा म्हणतो, तो फारसी शब्द मात्र 'रोज' म्हणजे दिवस यावरून आला. एकाच आचरणाकडे भाषा किती वेगवेगळ्या दारांतून येतात!

मग आमची तक्रार कशाबद्दल? बाजारात मिळणाऱ्या द्विभाषिक मार्गदर्शिकांबद्दल. त्या 'रन म्हणजे धावणे' एवढे सांगून मोकळ्या होतात. जॉन्सन यांनी अर्थापाठोपाठ लेखकांची अवतरणे दिली होती. शब्द कुणाच्या संगतीत कसा वागतो, हे वाचकाला दाखवले होते. आमच्या मार्गदर्शिकांनी नेमकी ती संगतच काढून टाकली. परिणामी मुलगा 'दुकान धावतो' असे भाषांतर करतो, वर्गात हसे होते आणि तो इंग्रजीचे पुस्तक मिटतो ते कायमचेच. दोष त्याच्या बुद्धीचा नसतो, त्याला दिलेल्या साधनाचा असतो.

खरे तर त्याला हे सारे आधीच येत असते. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, डोळा लागतो. या 'लागणे'चा अर्थ त्याने कधी यादी करून पाठ केला होता का? उर्दूत शिक्षण असलेली 'तालीम' मराठीत आखाडा होते, नाटकाची तयारी होते. घरात एक आणि चौकात दुसरी भाषा बोलणारे आपले मूल त्यात कधी अडखळत नाही. शेजारचा शब्द पाहून ते अर्थ ओळखते.

हीच सवय त्याला इंग्रजीत लावायला हवी. एका शब्दापुढे एक प्रतिशब्द लिहिण्याऐवजी त्याने पाच छोटी वाक्ये लिहावीत. यादी लहान होईल, पण शब्द त्याचा होईल.