वेगाचे चित्र

पिरनवाडीवरून जांबोटी-चोर्ल्याकडे धावणारी मोटार वेगळी आणि मासिकाच्या गुळगुळीत पानावर धावणारी वेगळी. ‘ओव्हरड्राइव्ह’ (१९९८), ‘ऑटोकार इंडिया’ (१९९९) निघाल्यापासून मोटारींचे छायाचित्रण आपल्याकडे चांगलेच रुजले; त्याची चिकित्सा मात्र कोणी करीत नाही. हौसेने बळ वाढविलेल्या गाडीचे चित्र पाहा. पुष्कळदा कॅमेरा लांब दांड्याने गाडीलाच जखडलेला असतो; गाडी माणसाच्या चालीने ढकलतात, शटर सेकंद-दोन सेकंद उघडे ठेवतात आणि मागाहून दांडा पुसतात. झाली गाडी वाऱ्यावर स्वार! रथोत्सवात आपण दोर झाकीत नाही. याउलट, रस्त्याकडेला उभा राहून सेकंदाच्या तिसाव्या अंशात धावत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरविणाऱ्याची बरीच चित्रे वाया जातात; पण जे साधते त्यातला वेग अस्सल असतो. मी त्यालाच कलावंत म्हणेन.

कारखान्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाहून गाडी वेगळी करता येत नाही, हा मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केला. चित्रात त्याचा मागमूस नसतो. ते पाहून घाटात गाडी पिटाळणाऱ्या पोरासाठी ‘ही गाडी ढकलून टिपली’ एवढी ओळ छापायला कितीशी जागा लागते?